सोंग आणि सोबती

एकाच जन्मात माणसाचे समाधान होत नाही, म्हणून त्याने सोंगे निर्माण केली असावीत. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले नमन पाहावे. दिवसा जाळी ओढणारा गृहस्थ मृदंगावर थाप पडताच गौळण होतो आणि त्याचाच शेजारी संकासुर होऊन पोरांना भेडसावतो. एकमेकांना पुरते ओळखणारी माणसे एकमेकांच्या सोंगावर रात्रभर विश्वास ठेवतात. या मंडळींना आम्ही ‘खेळे’ म्हणतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

असलीच सोंगे आता संगणकावर घेतली जातात. एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी या प्रकारचा एक खेळ रचला. त्यात चित्र एकही नव्हते. गुहा, खजिना, शत्रू सारे शब्दांतच. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने त्या मायानगरीत लक्षावधी माणसे नेऊन बसवली. इथे जयगडात माझा एक जुना विद्यार्थी रात्री जेवण उरकले की त्या नगरीत वैद्य होतो. परवा त्याला विचारले, “काय रे, अजून मौज वाटते?”

“खरं सांगू गुरुजी? पूर्वीसारखी नाही. पण सोडवतही नाही.”

मौज उणावली तरी जो सुटत नाही, त्याला खेळ म्हणावे की व्यसन?

मौज उणावण्याची कारणे शोधणे अवघड नाही. या खेळात गुहेत शिरायला पाच जण लागतात : एक घाव झेलणारा, एक जखमा भरणारा, तिघे शत्रूवर तुटून पडणारे. आरंभी हे पाच जण आपले आपण जमवावे लागत. हाका मारायच्या, वाट पाहायची, दारापर्यंत चालत जायचे. आणि कंटाळा घालवायला गप्पा मारायच्या. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीने ही यातायात संपवली. आता यंत्रच पाच अनोळखी माणसे जुळवून थेट आत सोडू लागले. सोय झाली, गप्पा आटल्या. जयगडहून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीतले उतारू एकाच काठाला उतरतात. तेवढ्याने ते एकमेकांचे सोबती होत नाहीत. पुढे खेळाडूंनीच जुना खेळ परत मागितला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तो साऱ्या गैरसोयींसह पुन्हा सुरू झाला. माणसे पैसे भरून गैरसोय मागतात, तेव्हा त्या गैरसोयीत काहीतरी मोलाचे असले पाहिजे.

दुसरे कारण पैशाचे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपले वाडवडील सांगत. कित्येक नव्या खेळांनी ही म्हण उलटी केली आहे : पैसा टाका आणि हवे तेवढे पराक्रमी सोंग विकत घ्या.

तिसरे कारण मला सर्वांत गंभीर वाटते. नमन पहाटे संपते; रंग पुसून खेळे कामाला लागतात. संगणकातली नगरी आपण निजलो तरी जागीच. तिथली रोजची कामे ठरलेली, चुकली तर मागे पडण्याची धास्ती. अशा खेळात आणि शाळेच्या हजेरीपटात मला फारसा फरक दिसत नाही.

मग हा खेळ सोडून द्यावा का? मी विद्यार्थ्याला पुन्हा छेडले, “सोडवत का नाही?”

तो म्हणाला, “घाव झेलणारा गडी आपल्याच गावचा. सौदीत असतो. शुक्रवारी त्याला सुट्टी. मी गेलो नाही तर तो दारात एकटाच उभा राहील.”

या उत्तराने माझा न्याय मात्र बदलला. मागे पडण्याच्या भीतीने खेळणे ही वेठ आहे. कुणी वाट पाहत आहे म्हणून जाणे हा दिलेला शब्द आहे. दोन्ही वेळा मौज कमीच असेल. पण एक माणसाला लहान करते, दुसरे मोठे करते. दीर्घ स्नेहात रोज कुठे मौज असते? तरी आपण जातो, बसतो, आणि केव्हातरी अवचित ती मौजही येऊन बसते.

म्हणून या दिवाळीत फराळाच्या वेळी घरातले मूल त्या पडद्यापुढून उठेना, तर “किती वेळ खेळतोस?” असे विचारण्याआधी “कोणाबरोबर खेळतोस?” असे विचारावे. त्याने एखादे नाव सांगितले, तर त्याचीही ख्यालीखुशाली विचारावी.