‘नाही’ किती वेळा म्हणायचे?

संमतीचा विचार आपण सहसा ‘हो’च्या बाजूने करतो. मला वाटते, तो ‘नाही’च्या बाजूने करायला हवा. ज्याच्या ‘नाही’ला किंमत नाही, त्याच्या ‘हो’ला तरी कसली?

ओडिशातल्या नियमगिरीच्या माथ्यावर बॉक्साइट आहे आणि डोंगरिया कोंधांचा नियमराजाही तिथेच आहे. खाणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. खाणीमुळे आदिवासींच्या उपासनेच्या हक्कांना बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावे, असे न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितले. सभांना जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षकही नेमायला लावला. राज्य सरकारने १२ गावे निवडली. बाराही गावांनी नकार दिला. तरी २०१६ मध्ये सरकारी खाण महामंडळ पुन्हा न्यायालयात गेले : ग्रामसभा नव्याने घ्या! न्यायालयाने ऐकले नाही, हे खरे. पण प्रश्न उरतोच. ‘हो’ एकदा म्हटले की डोंगर फुटतो, तो पुन्हा सांधता येत नाही. ‘नाही’ मात्र कितीही वेळा म्हटले, तरी ते तात्पुरतेच का मानायचे?

यावर कुणी म्हणेल, खनिज साऱ्या देशाचे. मूठभरांनी ते का अडवावे? हा आक्षेप मी उडवून लावत नाही. सार्वजनिक गरज कधी खरोखरच मोठी असू शकते. पण मग तसे उघड सांगावे, त्याची कारणे द्यावीत, न्यायालयात ती तपासू द्यावीत. होकार मिळेपर्यंत विचारत राहणे म्हणजे विचारणे नव्हे.

शिवाय विचारताना दारात कोण उभे आहे, हेही पाहायला हवे. छत्तीसगडमध्ये माओवाद्यांविरुद्ध आदिवासी तरुणांनाच विशेष पोलीस अधिकारी नेमून बंदुका दिल्या गेल्या. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा करून त्यांच्यासाठी सहायक सशस्त्र दल उभे केले. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडलेल्या गावात ग्रामसभा भरली, ठराव झाला, अंगठे उठले, तर त्या कागदाला मी संमती म्हणू शकत नाही.

म्हणून खाणीचा खटला आणि पोलिसांविरुद्धचा खटला मला वेगळे वाटत नाहीत. एकात नकाराचा हक्क मागितला जातो, दुसऱ्यात तो निर्भयपणे उच्चारता येईल अशी जागा.