न झालेल्या वाटा

पावसाळा ओसरला, की डिचोलीहून साखळीमार्गे चोर्ल्याकडे जाताना सह्याद्रीची भिंत धुऊन काढल्यासारखी स्वच्छ दिसू लागते. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज अशाच भिंतीतल्या कोणत्या तरी घाटाने खाली उतरले. त्या घाटवाटा ज्यांनी शोधल्या, त्यांना पलीकडे जायचे होते; व्यापार, वतन किंवा नुसती पोटाची खळगी त्यांना हाकीत होती. आजचा प्रस्तरारोहक मात्र जिथून कोणी चढले नाही, नेमका तिथूनच चढू पाहतो. त्याच्या या हट्टाला नैतिक आधार कोणता?

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे याचे बोलके उदाहरण. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला हा कडा दुरून अखंड वाटतो; पण सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर चढलेले थर. कठीण थरांच्या मधे मऊ, तांबूस थर असतात. पावसाचे पाणी भेगांत मुरते, आणि हाताला भक्कम वाटलेला दगड भार पडताच निखळून येतो. म्हणून चढाईपूर्वी पाहणी करावी लागते. दुर्बिणीतून भेगा न्याहाळायच्या, घसारा कुठून येतो ते पाहायचे, आग्या मोहोळे टाळायची, ऊन कोणत्या प्रहरी येते हे टिपून ठेवायचे. ही पाहणी म्हणजे एका परीने अध्ययनच. तिच्यात अहंकारापेक्षा नम्रता अधिक लागते.

तथापि दोन गोष्टी विसरून चालत नाही. पहिली, 'अस्पर्श' हा शब्द जपून वापरावा. साम्रदजवळची सांदण दरी गिर्यारोहकांमुळे सर्वदूर ठाऊक झाली. परंतु तिच्या काठी राहणाऱ्यांना ती कधीच अज्ञात नव्हती. आपले अज्ञान म्हणजे जगाचे अज्ञान नव्हे. दुसरी, कड्यावरचा धोका एकट्याचा नसतो. निसटलेला दगड खालच्या सोबत्यावर येतो. अपघात झाला, तर शोधासाठी दुसऱ्यांना त्याच दरीत उतरावे लागते. जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत यांच्यासारख्या ज्येष्ठ गिर्यारोहकाचा कोकणकड्यावरच्या मोहिमेत अंत झाला. दीर्घ अनुभवही कड्याशी केलेला करार ठरत नाही, कारण त्या करारावर कड्याने सही केलेली नसते.

मग कोणी जाऊच नये काय? असे म्हणणे सोपे आहे. पण तसे म्हणणाऱ्या समाजात घाटवाटाही झाल्या नसत्या. माझ्या मते नैतिक कसोटी चढण्यात नाही, पाहणीच्या प्रामाणिकपणात आहे. जो मनाशी 'चढायचेच' असे ठरवून कडा पाहतो, तो कडा पाहतच नाही. त्याला फक्त आपली इच्छा दिसते. ज्याची परत फिरण्याची खरोखर तयारी आहे, त्यालाच कातळ काय सांगतो ते ऐकू येते. पहिली मेख ठोकणारा केवळ स्वतःसाठी ठोकीत नाही. उद्या कोणी तरुण तिच्यावर विश्वासून आपला भार टाकणार असतो. तो तरुण आज तिथे नाही, म्हणून त्याच्याविषयीचे उत्तरदायित्व कमी होत नाही.

खुल्या केलेल्या वाटांना नावे मिळतात. पाहून, पारखून सोडून दिलेल्या वाटेची मात्र खूणही उरत नाही. 'येथून जाऊ नका' एवढेच कोणी तरी कोणाला सांगितलेले असते. आपले पूर्वज मुलेबाळे आणि देवघरातले टाक घेऊन सुखरूप खाली उतरले, ते एका सापडलेल्या वाटेने. पण त्या वाटेआधी कोणी तरी कितीएक घळींच्या तोंडाशी उभा राहून माघारी वळला असेल. त्याचे ऋण आपल्या कोणत्याही कुळवृत्तान्तात नोंदलेले नाही. ते फेडायचे, तर आपल्या मुलांना चढायला शिकवतानाच परत फिरण्यात कमीपणा नाही, हेही शिकवावे लागेल.