तिघांची साक्ष

ज्यांच्यावर आपली सत्ता चालते त्यांनाच "आमच्याविषयीं तुमचें मत काय?" असें विचारण्यांत एक नैतिक पेंच आहे. विचारणारा प्रामाणिक असला तरी उत्तर देणारा मोकळा असतोच असें नाहीं. आणि तो मोकळेपणानें बोलला तरी तें ऐकून घेण्याची तयारी विचारणाऱ्याजवळ असेलच, याचीहि हमी नाहीं. घरांत, कचेरींत, राज्यांत हा पेंच जुनाच आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तो छापील प्रश्नावलीच्या रूपानें शाळेंतहि शिरला आहे. येथें परीक्षा द्यावयाची ती शाळेनें, आणि गुण द्यावयाचे ते विद्यार्थ्यांनीं, त्यांच्या आईबापांनीं व खुद्द शिक्षकांनीं!

अमेरिकेंत या प्रथेस 'शाळेच्या हवेची पाहणी' अशा अर्थाचें नांव आहे, आणि तें मला समर्पक वाटतें. हवा दिसत नाहीं, पण तिच्यांत राहणाऱ्याची प्रकृति तिच्यावर अवलंबून असते. शाळेंत सुरक्षित वाटतें काय, आपण उदास असलों तर कोणा मोठ्या माणसाच्या तें ध्यानांत येतें काय, शिक्षकांचा मुख्याध्यापकांवर विश्वास आहे काय, पालकाला शाळेच्या दारांत परक्यासारखें वाटतें काय, असे हे प्रश्न असतात. ही केवळ हळव्या मनाची चौकशी आहे असें कोणी समजूं नये. शिकागो विद्यापीठाच्या आश्रयानें १९९० सालीं स्थापन झालेली एक संशोधनसंस्था त्या शहरांतील शाळांची अशी पाहणी वर्षानुवर्षें करीत आली आहे. अँथनी ब्राइक व बार्बरा श्नायडर यांनीं शिकागोंतील शाळांच्या अभ्यासावरून २००२ सालीं शाळांतील विश्वासावर एक ग्रंथ लिहिला. ज्या शाळांत परस्परविश्वास दृढ आढळला त्यांपैकीं निम्म्या शाळांत मुलांच्या विद्येची प्रगति झाली; जेथें तो दुबळा होता तेथें सातांत एकीचीच झाली. विश्वासाचा आणि गणिताचा कांहीं संबंध आहे, असें आपल्या जुन्या पंतोजींस सांगितलें असतें तर ते हंसले असते. परंतु ज्या मुलाला आपली चूक हास्यास्पद ठरेल अशी धास्ती असते, तें मूल फळ्याजवळ जातच नाहीं, आणि न जाणाऱ्याला गणित येत नाहीं.

न्यूयॉर्क शहरानें २००७ सालीं हीच चौकशी फार मोठ्या प्रमाणावर आरंभिली. सर्व पालक, सर्व शिक्षक आणि सहावी ते बारावीचे विद्यार्थी यांच्याकडे प्रश्नावल्या गेल्या. पालकांचा कागद इंग्रजीशिवाय नऊ भाषांत निघूं लागला. त्यांत बंगाली आहे, उर्दूहि आहे. (मराठी नाहीं, त्या शहरांतील आपल्या मंडळींचें इंग्रजीवांचून अडत नसावें!) येथपर्यंत सर्व स्तुत्यच होतें. पण त्याच वर्षापासून शहरानें प्रत्येक शाळेला 'ए' पासून 'एफ' पर्यंत श्रेणी देण्यास आरंभ केला, आणि त्या श्रेणीच्या शंभर गुणांपैकीं दहा गुण या पाहणीच्या उत्तरांना ठेविले. श्रेणी सतत हलकी आली तर शाळा बंद होण्याचाहि प्रसंग असे.

आतां त्या शिक्षकाच्या जागीं आपण बसून पाहावें. प्रश्न समोर आहे: या शाळेंत शिस्त व सुरक्षितता आहे, हें तुम्हांस मान्य आहे काय? दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यांत रोज मारामारी होते हें त्याला ठाऊक आहे. खरें लिहावें तर शाळेची श्रेणी उतरेल; श्रेणी उतरली तर चांगले पालक मुलें काढून नेतील; आणि ज्यांना दुसरीकडे नेणारें कोणी नाहीं तींच मुलें मागें राहतील. खोटें लिहावें तर जिना आहे तसाच राहील. अशा वेळीं मधलें घर मोठें सोईचें असतें: 'कांहीं अंशीं मान्य.' धर्मराजानें रणांगणावर अश्वत्थाम्याविषयीं जें अर्धसत्य उच्चारिलें, त्याचीच ही छापील आवृत्ति नव्हे काय? त्याचा रथ चार बोटें खालीं आला, असें महाभारतकार सांगतात. या शिक्षकाचा रथ मुळांतच जमिनीवर आहे. त्याला मी दोषमुक्त म्हणणार नाहीं, कारण त्याच्या मौनाची किंमत जिन्यांत मार खाणारें मूल देत असतें. परंतु ज्यानें साक्षीदाराला आधीं बजावलें कीं, तुझी साक्ष प्रतिकूल निघाली तर दंड तुझ्याच घराला होईल, त्याचा दोष अधिक मोठा आहे. साक्ष आणि गुणपत्रिका या भिन्न वस्तु आहेत. साक्षीचा उपयोग सत्य कळण्यासाठीं. तिच्यावर बक्षीस किंवा शिक्षा टांगली कीं तिचा कस जातो. न्यूयॉर्कनें २०१४ सालीं त्या अक्षर-श्रेणी रद्द केल्या, आणि पुढें शिकागोच्या अभ्यासाला अनुसरून पाहणीची मांडणी बदलून विश्वासाला तींत प्रमुख स्थान दिलें. पाहणी मात्र चालूं राहिली, आणि तें योग्यच झालें.

आतां निकाल वाचावा कसा? पहिला मोह सरासरीचा. समजा, चारशें मुलांच्या शाळेंत शेंकडा ब्याण्णव मुलांनीं 'मला येथें सुरक्षित वाटतें' असें लिहिलें. मुख्याध्यापक सुखावतात. पण राहिलेले शेंकडा आठ म्हणजे बत्तीस मुलें! तीं सगळ्या वर्गांत विखुरलेलीं आहेत, कीं एकाच तुकडींत दाटलीं आहेत, यावर पुढला सगळा विचार अवलंबून आहे. सरासरी बहुसंख्यांची बाजू मांडते; भय मात्र बहुधा थोड्यांच्याच वांट्याला येतें.

दुसरा मोह तिघांच्या उत्तरांची मोट बांधण्याचा. मूल उदास असलें तर आमच्या ध्यानांत येतें, असें जवळजवळ सर्व शिक्षक म्हणतात. आणि आपल्याकडे कोणाचें लक्ष नसतें, असें निम्मीं मुलें लिहितात. म्हणून कोणी खोटें बोललें असें होत नाहीं. शिक्षक आपल्या हेतूविषयीं सांगतो, मूल आपल्या अनुभवाविषयीं. पालक सांगतात तें जेवणाच्या पानावर मुलाच्या तोंडून जेवढें बाहेर पडलें तेवढ्याविषयीं, आणि त्यांत त्यांची कृतज्ञताहि मिसळलेली असते. म्हणूनच पालकांचें समाधान बहुधा मुलांच्या समाधानाहून वरचढ दिसतें. तिघांची बेरीज करून तिनांनीं भागलें, तर जें शिकण्यासारखें होतें नेमकें तेंच पुसलें जातें. निकालांतला अत्यंत मोलाचा आंकडा कोणता म्हणाल, तर या तिघांच्या उत्तरांतलें अंतर.

आणि ज्यांनीं कागदच परत पाठविला नाहीं त्यांचें काय? सहाशें पालकांपैकीं एकशें ऐशींनीं उत्तरें दिलीं, आणि त्यांतले बहुतेक प्रसन्न आहेत. बाकीचे चारशें वीस कोण? कोणी रात्रपाळीला जाणारे, कोणी त्या भाषेंत न वाचणारे, कोणी पूर्वीं एकदां तक्रार करून निराश झालेले. त्यांच्या मौनाला संमति म्हणणें ही मला सत्तेची सर्वांत जुनी लबाडी वाटते. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीनचतुर्थांश सभासद पालकांपैकीं असावेत असें ठरविलें. तरतूद उत्तम आहे. पण ज्या गुरुजींच्या हातीं आपलें मूल आहे, त्यांच्या समोरच्या सतरंजीवर बसून त्यांच्याविरुद्ध बोलावयाचें धैर्य मोलमजुरी करणाऱ्या बापाला कोठून यावें? त्याच्या हातीं निनांवी कागद अधिक कामाचा ठरेल, असें मला वाटतें. तेथें निनांवीपणा हा भ्याडपणा नसून दुर्बलाचें चिलखत आहे. म्हणूनच अगदीं लहान गटाचीं उत्तरें वेगळीं छापूं नयेत हा संकेत ठीकच आहे. वर्गांत तीनच मुली असल्या तर कोणी काय लिहिलें हें ओळखावयास वेळ लागत नाहीं.

मोठ्या माणसाला विचारलें आणि पुढें कांहीं झालें नाहीं, तर तो तें विसरतो. त्याला संवय असते. मुलाची गोष्ट निराळी. बत्तीस मुलांनीं 'जिन्याची भीति वाटते' असें लिहिलें, तर पुढल्या आठवड्यांत मधल्या सुट्टीला तेथें कोणी शिक्षक उभे राहतात कीं नाहीं, हें तीं वर्गाच्या दारांतून पाहात असतात. आणि पुढील वर्षीं तोच कागद पुन्हां हातीं येईल तेव्हां त्यावर काय लिहावयाचें, हें तेथेंच ठरतें.