शस्त्र आणि त्याचा दाखला

वस्तु खरी असेल तर तिला दाखल्याची गरज काय, आणि ती खोटी असेल तर दाखल्यानें ती खरी होईल काय? जुनीं शस्त्रें, लढायांचीं पदकें, पलटणींचे बिल्ले इत्यादि जिनसा जमविण्याचा छंद ज्यांस आहे, त्यांच्यापुढें हा प्रश्न केव्हांना केव्हां उभा राहतोच. हल्लीं विक्रेते जिनसेबरोबर खरेपणाचें प्रमाणपत्रहि देतात. तें चौकटींत बसवून तलवारीशेजारीं टांगलें, कीं घरधनी निश्चिंत होतो. ही निश्चिंतता कितपत रास्त आहे, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

आपल्याकडील ठळक उदाहरण वाघनखांचें. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें महाराष्ट्र सरकारनें तीन वर्षांच्या करारानें उसनीं आणिलीं व जुलै २०२४ मध्यें तीं साताऱ्याच्या संग्रहालयांत मांडलीं गेलीं. त्यांचा दाखला कोणता, तर त्यांच्या पेटीवरील मजकूर. शिवाजीनें ज्यांनीं मोगल सेनापतीस मारिलें तींच हीं वाघनखें, आणि जेम्स ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असतां पेशव्यांच्या मुख्य प्रधानानें तीं त्यास दिलीं, असा त्याचा आशय. आतां अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार, मोगलांचा नव्हे, हें आपलें शाळकरी पोरहि सांगेल. शिवाय पेशवे हेच मुळीं छत्रपतींचे मुख्य प्रधान. मग प्रधानाचा हा प्रधान कोण? प्रतापगडचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा, आणि ग्रँट डफ साताऱ्याच्या कारभारावर आला १८१८ सालीं. मधल्या दीडशेंहून अधिक वर्षांत तें शस्त्र कोणाकोणाच्या हातीं होतें, याविषयीं पेटी मुकी आहे. ज्यानें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्याच्याच लेखणींतून हा मजकूर उतरला असेल, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं.

यावरून वस्तु खोटी ठरत नाहीं. साक्षीदार कच्चा ठरतो, इतकेंच. ज्या संग्रहालयाकडे तीं आहेत, तें स्वतःच म्हणतें कीं, हीं महाराजांचींच वाघनखें होत याचा पडताळा घेतां आलेला नाहीं. आमचे मतें या साऱ्या प्रकरणांत हा नकारार्थी दाखलाच अधिक मोलाचा आहे. परंतु कोल्हापूरचे अभ्यासक इंद्रजित सावंत यांनीं शंका बोलून दाखविली, तेव्हां कित्येकांस ती रुचली नाहीं. जणूं शंका वाघनखांविषयीं नसून महाराजांविषयींच होती! अफझलखानाचा वध लंडनच्या त्या पोलादावर अवलंबून आहे काय? राजवाड्यांनीं ज्या पुण्यांत १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, तेथील लोकांस तरी पुरावा मागणें ही अश्रद्धा नव्हे, हें निराळें सांगावें लागूं नये.

दाखल्याचें मर्म आपल्या पूर्वजांस चांगलें कळत होतें. जुन्या राजपत्रांत शिक्का असे, आणि मजकूर जेथें संपे तेथें मोर्तब होई. हेतु हा कीं, खालीं कोणास एखादी ओळ घुसडतां येऊं नये. म्हणजे दाखला त्या कागदाशींच जखडलेला. आजचें प्रमाणपत्र सुटें असतें. आज या तलवारीचें, उद्यां तिच्या जुळ्या बहिणीचें. एप्रिल २०२५ मध्यें लंडनच्या लिलांवांत निघालेली व महाराष्ट्र सरकारनें सुमारें ४७ लक्ष रुपयांस मिळविलेली रघूजी भोसल्यांची तलवार पाहा. तिचें पातें युरोपियन घाटाचें, पण पाठीवर सेनासाहेबसुभा रघूजींचें नांव देवनागरींत सोन्यानें कोरलेलें. तो लेखहि तपासावा लागतोच. परंतु तपासास निदान वस्तूवरच कांहीं आहे. सरकारी नोंदणीचा दाखला मात्र वस्तु आज कोणाकडे आहे एवढेंच सांगतो, पूर्वीं ती कोणाची होती हें नाहीं. (वस्तु पुरातन नाहीं असाहि एक सरकारी दाखला असतो, ती परदेशीं नेतांना तो उपयोगीं पडतो. त्यांत निदान गर्वास जागा नाहीं.)

खरा नीतीचा प्रश्न आम्हांस दिसतो तो राजांच्या तलवारींत नव्हे, शिपायांच्या पदकांत. पहिल्या महायुद्धाचीं रुप्याचीं पदकें साताऱ्याकडील अपशिंग्यासारख्या गांवांतून घरोघर आलीं. त्यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण ठोकलेली असते. नामांकित पलटणीच्या पदकास भाव अधिक. म्हणून कड कानसीनें घासून दुसरें नांव ठोकणारे कारागीर निघाले. अशा पदकाबरोबर दाखला आला, तर फसला कोण? ग्राहकाचे पैसे गेले हें खरें, पण तो हौशी माणूस; त्याची आम्हांस फारशी कींव येत नाहीं. ज्याचें नांव घासलें गेलें, त्या शिपायाची जगांत तेवढीच लेखी निशाणी असण्याचा संभव होता. त्याच्या वतीनें तक्रार करणारा कोणी नाहीं.

आणि येथें सज्जन संग्राहकहि कमी पडतो. अडचणींत सांपडलेल्या घरांतून पदक बाहेर पडतें, तेव्हां तो विक्रेत्याकडून प्रमाणपत्र मागतो, पण त्या घरच्या म्हातारीस एक प्रश्न विचारीत नाहीं. पणजा कोणत्या पलटणींत होता, कोठें लढला, परत आला कीं नाहीं, पेटी माळ्यावर कोणीं ठेविली, हें ती सांगूं शकते. तिचें सांगणेंहि चुकेल, पण तें कोणीं व केव्हां सांगितलें याची तारीखवार नोंद केली, तर पुढल्यास ताडून पाहण्यास धागा उरतो. त्यास अर्धा तास व एक वही पुरते. विकत घेतलेल्या दाखल्यानें वांचतो तो हाच अर्धा तास, आणि म्हातारी गेल्यावर तो कोणत्याहि किंमतीस परत मिळत नाहीं.