माप आजचं द्या

‘काकू, कमरेला एक इंच कमीच धरा. पाडव्यापर्यंत मी उतरवते.’ फेब्रुवारी लागला की हे वाक्य माझ्या दुकानात सारखं ऐकू येतं. डोंबिवली पूर्वेला मी ब्लाउज आणि शिवलेल्या नऊवारी साड्या करते. इथल्या गणेश मंदिर संस्थानने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. ती पुढे गावोगाव गेली. पाडव्याच्या सकाळी फडके रोडवर नथ-नऊवारीतल्या मुलींची जी गर्दी लोटते, तिचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्याआधीचे काही आठवडे जिवाला घोर लागतो. समोर उभ्या असलेल्या मुलीचं माप सोडून, जी अजून जगात नाही तिचं माप घ्यायला मला सांगितलं जातं.

टेप लावली की पोरी श्वास आत ओढतात. सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हे कौतुकाने सांगतात. एखादी म्हणते, ‘सध्या उपासच चाललेत माझे.’ तिथे माझा हात थांबतो. कपड्यात मावण्यासाठी उपाशी राहिलं तर तो उपास होतो का?

माझ्या सासूबाई एकादशी करायच्या. त्या दिवशी त्यांच्या तोंडी खाण्याचा विषय नसायचा. दुपारी हरिपाठ, संध्याकाळी देऊळ, दुसऱ्या दिवशी बारस सोडताना वरण-भात-तूप पोटभर. उपासाने त्यांचं लक्ष देहावरून उठायचं. या पोरींचं उलट होतं. दिवसभर दुसरा विचारच नाही. पोळी एक की दीड, आरशात पोट दिसतं का, काटा किती दाखवतो. मन चोवीस तास देहालाच चिकटलेलं. याला तप म्हणणं म्हणजे तपाची विटंबना आहे, असं मी ठामपणे म्हणते.

आमच्या सोसायटीत आम्ही बायका मिळून गीता वाचतो. सहाव्या अध्यायात भगवंत स्पष्ट सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. त्यावर ज्ञानोबा आणखी कळवळून बोलतात. हट्टाला पेटून जो तहान-भूक कोंडून टाकतो, त्याचं शरीरच जिथे त्याचं राहिलेलं नाही तिथे योग कोणाचा, असं ते विचारतात. खावं, पण ते बेताने मोजून खावं, असा त्यांचा उपदेश. मोजायचा तो घास. कंबर मोजायला त्यांनी कुठेही सांगितलेलं नाही.

सतरावा अध्याय तर मी दुकानातच पाठ केला. शास्त्रात न सांगितलेलं घोर तप जे दंभाने करतात, ते शरीराला कष्टवतात आणि शरीरात राहणाऱ्या मलाही कष्टवतात, असं तिथे भगवंतांनी म्हटलंय. अशांचा निश्चय त्यांनी आसुरी ठरवलाय. समोरच्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला मी आसुरी म्हणणार नाही. तिच्या डोक्यात जिने ही कंबर घातली, ती नजर आसुरी आहे. पण तिच्या पोटातल्या भुकेत देव कष्टतो, हे मी तिला नक्की सांगते.

कुणी म्हणेल, संतांनीच तर देहाला नाशिवंत म्हटलंय, मग त्याचे एवढे लाड कशाला? म्हटलंय, आणि ते खरंच आहे. पण ते सगळ्याच देहांना म्हटलंय, अठ्ठावीस कमरेच्या आणि चव्वेचाळीस कमरेच्याही. नाशिवंतात बारीक ते चांगलं आणि जाड ते वाईट अशी उतरंड कुठल्याही संताने लावलेली नाही. देहाचा मोह सुटणं वेगळं आणि देहाची लाज वाटणं वेगळं. लाज हाही मोहच आहे, फक्त तोंड फिरवून बसलेला. आणि ज्या देवाच्या मंदिराने ही स्वागतयात्रा सुरू केली तो लंबोदर आहे. मोदकांचा नैवेद्य त्याला आपण हौसेने दाखवतो आणि मुलीच्या पानातला दुसरा मोदक बघून तिच्या पोटाकडे बघतो.

आजीच्या लुगड्याला माप नव्हतं. लग्नात, बाळंतपणात, म्हातारपणी वाळून गेल्यावरही तेच नऊ वार, रोज सकाळी त्या दिवसाच्या अंगाला नेसलेले. शिवलेल्या नऊवारीला मात्र कंबर लागते. ती मी शिवते, कारण लोकल गाठणाऱ्या मुलींना नेसायला ना वेळ आहे ना शिकवायला घरात कुणी. पण मी तिला हुकांच्या दोन ओळी लावते आणि आत भरपूर माया ठेवते.

मागे एक जण बाळंतपणानंतर लग्नातला ब्लाउज घेऊन आली. नवा शिवायचा नव्हता. मुंढ्यात दाटत होता, बाहीत हात अडकत होता. तिने विचारलं, ‘मी किती दिवसांत त्यात बसेन?’ मी अस्तर उलटून बाजूची टीप उसवली. सुईच्या भोकांची बारीक रांग, आणि तिच्या पलीकडे आत दुमडलेली जांभळ्या रंगाची पट्टी, ऊन-घाम न लागलेली, लग्नाच्या दिवशी होती तशी गडद. दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण इंच निघाला. नवी टीप मारून दिली. घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि तिने मोकळा श्वास सोडला. गीतेत देहाला वस्त्र म्हटलंय. माझ्या हाताखालून गेलेली सगळी वस्त्रं कधी ना कधी आवळ झाली, सैल झाली. त्यात कुणाचा गुन्हा नव्हता.

अन्नाबद्दलही बोलायला हवं. तैत्तिरीय उपनिषदात भृगूला ब्रह्माची पहिली ओळख अन्नात पटते, आणि अन्नाची निंदा न करणं हे तिथे व्रत सांगितलंय. आपल्या घरांत मात्र भात वाईट, तूप वाईट, बटाटा वाईट. सात्त्विक आहारात गीतेने स्निग्ध पदार्थ धरलेत, हे आपण विसरतो. साखरेच्या आजारात डॉक्टरांनी गोड बंद केलं तर ते पाळायचंच; तो युक्त आहार. पण डबा न खाता परत आणणारी, पाळी चुकलेली, जिना चढताना चक्कर येणारी मुलगी ‘डाएट’ करते आहे असं समजून गप्प बसू नका. तिला डॉक्टरांकडे न्या, आणि ती जेवत असताना तिच्या अंगाबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर बोलू नका.

यंदापासून दुकानात मी मापाचे आकडे मोठ्याने बोलत नाही, मुकाट वहीत लिहिते. पाडव्याची शिलाई घेणं सुरू आहे. माप द्यायला याल तेव्हा जेवून या.