डेंकालीत लोक काय विकतात?

कळंबच्या बसस्थानकावर भाच्याच्या हातातलं कॉमिक पाहून ओळखीचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "तालुक्यातली गावं येत नाहीत, आणि वकांडाचा नकाशा पाठ! नसलेले देश, नसलेल्या जमाती. काय करायचंय?" ते बोलणं मनात सलत राहिलं.

पाताळ आणि अमरावतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना कल्पित नगरींचं वावडं कशाला? मला सलतो तो फरक वेगळा आहे. काही कल्पित देशांत लोक राहतात. काहींत फक्त नायक राहतो.

आमच्या पिढीचा वेताळच घ्या. ली फॉकनं त्याला १९३६ मध्ये जन्म दिला आणि १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सनं तो मराठीतही आणला. कवटीची गुहा, ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कायमची खूण सोडणारी अंगठी, विषारी बाणांची बुटक्या माणसांची बांदर जमात. सगळं जिवापाड आवडायचं. मूळचा बंगाला देश आपल्याकडे डेंकाली झाला, सिंग चाच्यांचे सिंगा झाले. ही नावं बदलली ते योग्यच. नातं मात्र तेच राहिलं. बांदर पिढ्यान्‌पिढ्या एका गोऱ्या घराण्याची पाठराखण करतात, पण त्यांची स्वतःची चूल कशावर पेटते हे क्वचितच कळतं. हा देश पुढे आशियातून आफ्रिकेत सरकला, तरी कथेचं काही अडलं नाही. खंड बदलूनही ज्याच्या रहिवाशांच्या जगण्यात फरक पडत नाही, तो देश म्हणजे नाटकातला मागचा पडदा.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा वकांडा १९६६ चा. तिथलं सारं जगणं व्हायब्रेनियम या धातूभोवती फिरतं. तो खणायचा, राखायचा, जगापासून लपवायचा की वाटायचा, यावर तिथली माणसं भांडतात. तिथला नायक, ब्लॅक पँथर, बाहेर गेला तरी देश चालू राहतो.

आणि आपल्याच भागातलं खरंखुरं तेर गाव? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' या ग्रंथात त्याला तगर म्हटलं. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जायची, तीही धड रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून. तगरच्या राजाचं नाव नाही, वाड्याचं वर्णन नाही. तरी गाव उभं राहतं, कारण कुणीतरी विणतंय, कुणीतरी बैल जुंपतंय.

गुरुजींशी वाद घालायला निघालो आणि त्यांच्या अर्ध्या म्हणण्यापाशी आलो. आपला तालुका कशावर जगतो हे ठाऊक नसेल, तर जिवंत देश रचता येत नाही. कॉमिक बाजूला ठेवा, हे उरलेलं अर्धं म्हणणं मात्र मला आजही मान्य नाही.

आमच्याकडची पोरं उद्या स्वतःचं कॉमिक काढतील, काढावंच. नायकाची शक्ती त्यांनी सावकाश ठरवावी. त्याआधी त्या देशात पाऊस किती पडतो, सोयाबीन हातचं गेलं तर लोक काय करतात आणि आठवडी बाजारात विकायला काय येतं, एवढं लिहून काढावं.