भोपळा भाजताना

किलोभर लाल भोपळा घ्या. जमलं तर अख्खा लहान भोपळा आणा, नाहीतर सालीसकट एक मोठी फाक. आश्विनात भाजीवाल्यांकडे तो ढिगाने असतो. घरी आल्यावर लगेच विळी काढू नका. भोपळा ओट्यावर ठेवा आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसा. श्वास नेहमीच्या गतीने येऊ-जाऊ द्या. संध्याकाळी माणसं येणार आहेत, अजून दिवाणखाना आवरायचा आहे, वाट्या मोजायच्या आहेत, हे सगळं मनात येईल. येऊ द्या. भोपळा भाजायला पाऊण तास लागतो आणि तो कोणालाच कमी करता येत नाही. आज या गोष्टीचा आधार घ्या.

आता त्याच्यावरून हात फिरवा. खाचा आणि उंचवटे बोटांना कळू द्या. देठ सापडला तर दाबून पाहा. वाळून लाकडासारखा टणक झाला असेल तर भोपळा वेलीवरच पिकला. सालीत नख रुतत नाही ना, तेही पाहा. एका बाजूला फिकट, पिवळसर चट्टा दिसेल. तो डाग नव्हे. त्या बाजूने भोपळा जमिनीवर टेकला होता, तिथवर ऊन पोचलं नाही. अंगठा त्या चट्ट्यावर ठेवा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. मृगाच्या, आर्द्राच्या पावसात कुणीतरी बी टोचलं. वेल बांधावर पसरला. श्रावण, भाद्रपद सरले आणि हे फळ एकाच कुशीवर पडून भरत गेलं.

त्याहीआधीची एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या खाली बोराएवढा इवला भोपळा आधीपासूनच असतो. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशीने नर फुलाचे पराग आणून दिले तर खालचा भोपळा वाढीला लागतो. नाही आणले तर तो पिवळा पडून गळून जातो. तुमच्यासमोरच्या भोपळ्याच्या वाट्याला अशी एक सकाळ आली होती. हे कळल्यावर आभार मानलेच पाहिजेत असं नाही. नुसतं ठाऊक असू द्या.

आता कापा. सुरी आत शिरताना लागणारा जोर जाणवू द्या, घाईने उलटसुलट दाबू नका. दोन भाग झाले की आधी वास घ्या. काकडीचा, ओल्या मातीचा, किंचित खरबुजाचा असा तो वास असतो. मधली पोकळी पाहा. लेकीकडे जाऊन गुटगुटीत होऊन परतणाऱ्या म्हातारीला गोष्टीतल्या भोपळ्यात एवढी जागा कशी मिळाली, हा लहानपणीचा प्रश्न इथे सुटतो. धाग्यांत गुंतलेल्या बिया बोटांनी सोडवा. त्यातली प्रत्येक भरलेली बी म्हणजे मधमाशीने आणलेला एकेक परागकण. बिया धुऊन फडक्यावर पसरा, त्या नंतर लागतील.

बिया हातात असतानाच थोडं दूर जाऊन येऊ. लाल भोपळ्याचं हे सगळं कूळ मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोच्या ओआहाका भागातल्या गिला नाकित्झ नावाच्या गुहेत त्याच्या भावकीतल्या एका जातीच्या, माणसाने लावलेल्या बिया सापडल्या. त्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या आहेत. आपल्याकडे भोपळा पोर्तुगीज जहाजांच्या काळानंतर रुजला. आता आपलं नवरात्राच्या उपवासाचं ताट डोळ्यांपुढे आणा: बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा आणि लाल भोपळा. यातलं प्रत्येक समुद्रापलीकडून आलेलं आहे. तरीही व्रतासाठी आपण नेमकं हेच ताट मांडतो, आणि कुणाला त्यात परकं काही वाटत नाही. आज घरी येणाऱ्यांपैकी कोण जुनं, कोण नवखं, याचा विचार मनात असेल तर तो क्षणभर या ताटाशेजारी ठेवून पाहा.

फोडी दीड-दोन इंचांच्या करा. साल राहू द्या, भाजल्यावर फोड तिच्यामुळेच आकार धरून राहते. फोडींना दोन चमचे पातळ तूप चोळा. मीठ आत्ता नको. मीठ पाणी ओढून काढतं आणि ओल्या फोडी भाजण्याऐवजी शिजतात. ओव्हन असेल तर 200 अंशांवर तापवा आणि ट्रेमध्ये फोडी एकमेकींना न चिकटवता मांडा. ओव्हन नसेल तर जाड बुडाची पसरट कढई किंवा बिडाचा तवा घ्या, आच मध्यमाहून कमी ठेवा, फोडी एका थरात लावा. झाकण ठेवू नका.

झाकणापाशी थांबू. हात सवयीने त्याच्याकडे जातो, कारण झाकलं की लवकर शिजतं. पण झाकणाखाली वाफ कोंडते, आणि वाफेत भोपळा मऊ होतो, भाजला जात नाही. भोपळ्यात दहा भागांत नऊ भाग पाणीच असतं. फोडीच्या अंगावर पाणी आहे तोवर तिचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. ते पाणी उडून पृष्ठभाग कोरडा झाला की मगच तो अधिक तापतो, त्यातल्या साखरा आणि प्रथिनं एकमेकांशी संयोग पावून तांबूस होऊ लागतात आणि भाजल्याचा वास सुटतो.

म्हणून आता ऐका. आधी ओला, भरगच्च चुरचुराट येईल. त्यात काही करू नका. मग आवाज बारीक होईल, मधूनमधून तुटेल. पाणी कमी होत आल्याची ती खूण. पंधरा-वीस मिनिटांनी फोडी उलटा. खालची बाजू कडेने बदामी झालेली दिसेल, आणि घरात खरपूस, गुळासारखा वास फिरेल. पण अजून गूळ डब्यातच आहे. हा वास ज्या गोडीचा आहे ती भोपळ्यात आधीपासून होती. पिकून घरात ठेवलेल्या भोपळ्यातल्या पिठाची हळूहळू साखर होत जाते. पाण्यात ती पातळ होऊन पसरलेली होती. आपण पाणी जाऊ दिलं, एवढंच केलं.

दुसरी बाजू भाजली जात असताना एक प्रश्न स्वतःला विचारा. पाहुणे येणार म्हटलं की आपण काय काय वाढवतो? पदार्थ, आग्रह, आवाज, दिवे. या बेतातून काय काढून टाकता येईल? एखादा पदार्थ? पार्श्वभूमीला चालू राहणारा टीव्ही? सगळं नीटच झालं पाहिजे हा धाक? उत्तर लगेच सापडलं नाही तरी चालेल. हातात उलथनं आहे, वेळ आहे.

सुरी सहज आरपार गेली की आच बंद करा. एक फोड निवू द्या आणि काहीही न घालता खा. जिभेवर ती कुठे लागते? आधी गोड, मग किंचित मातकट, शेवटी सालीपाशी अगदी पुसट कडवटपणा. दुसऱ्या फोडीवर चिमूटभर मीठ टाका आणि तीही खा. ही अधिक गोड लागेल. थोडं मीठ कडवटपणाला दाबतं, आणि मागे राहिलेली गोडी पुढे येते. साखरेचा कणही न घालता आपण पदार्थ गोड केला. या दोन घासांमध्ये पाण्याचा घोट घ्या आणि पुन्हा एकदा करून पाहा. घाई नाही.

मग बाकीचं जमवा. सगळ्या फोडींना मीठ लावा. बोराएवढी चिंच भिजवून तिचा कोळ काढा, त्यात चमचाभर गूळ विरघळवा. आधी अर्धाच गूळ घाला, चव पाहा, उरलेला लागेलच असं नाही. कढल्यात चमचाभर तूप तापवा, जिरं तडतडू द्या, हिंग, कढीपत्ता, दोन सुक्या मिरच्या घाला आणि ही फोडणी फोडींवर ओता. वर कोळ शिंपडा, भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट भुरभुरा. वाळलेल्या बिया तव्यावर फुटेपर्यंत भाजून, मीठ लावून वर टाका. कुणाचा उपवास असेल तर त्यांच्या फोडी मीठ लावण्याआधीच वेगळ्या काढा. तुपात जिरं आणि हिरवी मिरची, सैंधव, लिंबू, कूट. घराघराचे नियम वेगळे असतात, तेव्हा आधी विचारून घ्या.

भोपळ्याच्या भरतात आपण एरवी दही घालतो. आज ते का नाही? शरदात पित्त उसळतं, म्हणून चरकसंहिता या ऋतूत दही टाळायला सांगते, आणि गोड, कडू रसांना पुढे करते. ऑक्टोबरच्या दुपारी डोक्यावर तापणारं ऊन आठवलं तर या सल्ल्याचं कारण वेगळं शोधावं लागत नाही. चिंच आणि मिरचीलाही म्हणूनच आज आवरता हात. त्यांनी फक्त गोडीला धार लावायची आहे.

आता संध्याकाळ. भोंडल्याचा फेर संपून खिरापत ओळखायची वेळ झाली असेल, किंवा चार शेजारी नुसतेच जमले असतील. डबा झाकलेला आहे. ओळखणाऱ्यांचा पहिला प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला: गोड की तिखट? या पदार्थापुढे तो प्रश्न अडतो. गोड म्हणावं तर मिरची आहे, तिखट म्हणावं तर गूळ आहे, आणि गुळाहून जास्त गोडी भोपळ्याचीच आहे. हसून दोन्ही म्हणा. मग वाढा, आणि कसा केला ते कुणी विचारेपर्यंत सांगू नका.

खाणाऱ्यांकडे पाहा. एकीला गूळ आधी लागेल, दुसऱ्याला ठसका. एखादं मूल बिया तेवढ्या वेचून खाईल. कुणी म्हणेल, मीठ जरा कमी पडलं. कुणाची चव दुरुस्त करू नका. आपल्या वाटीतला पहिला घास मात्र बोलणं थांबवून खा, आणि त्यात मीठ कुठे, आंबट कुठे, गोड कुठे ते शोधा. तो गिळून झाला की पुन्हा गप्पांत या. दुसऱ्यांदा वाढताना आग्रह नको, आधी विचारा. उरलाच तर कुस्करून सकाळी थालीपिठाच्या पिठात मळा. पाणी घालायच्या आधी पीठ हाताला कसं लागतं ते पाहा, भोपळ्यात अजून थोडं पाणी शिल्लक असतं.